पंधरा मिनिटांच्या आतलं काम

३ ऑक्टोबर २००२, गुरुवार

आलं गळ्यात! मुंबईहून परिपत्रक — "रस्त्यालगतच्या अल्पकालीन व अल्प जोखमीच्या कामांवरील मजुरांसाठी वाहतूक सुरक्षा प्रशिक्षण." नाव वाचतानाच धाप लागली. मोठ्या साहेबांनी कोपऱ्यात लाल पेनने लिहिलंय — श्री. ठोसर. उपविभागात आम्ही पाच कनिष्ठ अभियंते, पण असलं काही आलं की पेन बरोबर माझ्याच नावाशी येऊन थांबतं.

घरी आणून चहाबरोबर बायकोला वाचून दाखवलं. सार एवढंच — काम पंधरा मिनिटांच्या आतलं असेल, रहदारी कमी असेल, तर फलक नकोत, अडथळे नकोत. एक माणूस नारिंगी जाकीट घालून, लाल झेंडा धरून तीस मीटर पुढे उभा राहील. बाकीचे काम करतील.

बाकीचे! कोण बाकीचे? उमा म्हणाली, "लिहिणाऱ्याने कधी खड्डा बुजवताना पाहिलाय का?" तिला म्हटलं, त्याने खड्डासुद्धा पाहिला नसेल.

७ ऑक्टोबर, सोमवार

साहित्य आलं. गँगमागे एक जाकीट, एक झेंडा. तिघांना तीन जाकिटं मागितली होती. स्टोअरकीपर म्हणाला, उभा राहणारा एक, तर जाकीट एक. हिशोब बिनचूक.

माझ्या पावसच्या रस्त्यावर एकेकाळी नऊ माणसं होती. कोणी निवृत्त झालं, कोणी गेलं, भरती बंद. आता मुकादम भिकाजी, धाकू आणि सखू. त्यातल्या भिकाजीला आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात टपाल वाटायला ओढून नेतात, कारण शिपाईही नाही. म्हणजे उरली दोन माणसं. एक घमेलं धरणार, एक फावडं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

झालं प्रशिक्षण. डांबराच्या पिंपांच्या शेडमध्ये, बाहेर ऊन, आत वास. तिघं पिंपांवर बसली. मी परिपत्रक वाचत गेलो आणि माझं मलाच हसू येत होतं. अल्प जोखीम म्हणजे काय ते समजावलं — गवत कापणं, रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडातला पाला काढणं, दगडाला चुना लावणं, एखाद-दुसरा खड्डा. दहा-पंधरा मिनिटांत आटोपणारं.

सखू तोंडाला पदर लावून ऐकत होती. चौदा वर्षं रोजंदारीवर आहे. नवरा मुंबईला हॉटेलात, गणपतीला येतो. ती एकदम बोलली, "आवो सायब, काम धा मिंटांचा हाय, ता ट्रकवाल्याला कोन सांगनार? आनि मरायला काय अर्धा दिस लागतो?"

भिकाजी तिच्यावर खेकसला — सायबांसमोर काय बोलतेस! मी परिपत्रकाचं पान उलटलं. या प्रश्नाचं उत्तर परिपत्रकात नव्हतं.

मग प्रात्यक्षिक. एकेकाला जाकीट घालून झेंडा धरायला लावला. धाकूने बरा धरला. सखूला हसू आवरेना. जाकीट तिला गुडघ्यापर्यंत. गाडी आली की मान खाली घाले, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल तोंडावर ओढून घेई. म्हणे, गाडीतली मानसं बगतात, लाज वाटते. तीन वेळा सांगितलं, चौथ्यांदा ओरडलो — हात सरळ, मान सरळ, अजिबात हलायचं नाही! परिपत्रकात "स्थिर" असा शब्द आहे. मग तिने हसणं बंद केलं आणि नीट उभी राहिली. उगाच ओरडलो.

तिघांच्या सह्या-अंगठे घेतले. गँग प्रशिक्षित झाली!

१५ ऑक्टोबर, दसरा

शेडमध्ये टिकाव-फावड्यांची पूजा. भिकाजीने जाकीटही मांडलं होतं. चमकणाऱ्या पट्टीवर कुंकू, त्यावर झेंडूचं फूल. निदान कोणीतरी त्याला मान दिला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सड्याच्या कातळमाळावरून रस्ता खाली उतरतो तिथलं वळण. तिथली मोरी पावसाळ्यानंतर हमखास तुंबते आणि डांबराची कड दर आठवड्याला ढासळते. आज गेलो तर दोघं खाली वाकून काम करतायत, झेंडा झाडाला टेकवलेला, जाकीट घडी करून पिशवीत. एसटी अंगावरून गेल्यासारखी गेली.

मी तापलो. धाकू शांतपणे म्हणाला, "सायब, एक जन झेंडा धरून उबा ऱ्हायला तर खडी कोन टाकनार? तुमी?" जाकीट का घातलं नाही म्हटलं, तर एकच हाय, एकाने घातलं तर दुसऱ्याला वाईट वाटतं. हे खरं कारण होतं! 

संध्याकाळी बसून अर्ज लिहिला. पावस रस्त्याच्या गँगला एक जादा मजूर मिळावा, फक्त झेंड्यासाठी. कारणं सात लिहिली. हा अर्ज मंजूर झाला पाहिजे. या वर्षी मला दुसरं काही नको.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आज हसून हसून पोट दुखलं. कित्येक महिन्यांनी.

वळणावर जाकीट घालून एक बाई झेंडा धरून उभी! जवळ गेलो तर — बुजगावणं. धाकूची कापणी झाली, शेतातलं बुजगावणं मोकळं झालं, त्याने ते सायकलला बांधून आणलं. डोक्याला मडकं, त्यावर टॉवेल गुंडाळलेला. वर जाकीट, खाली सखूचं जुनं पातळ. हाताला बांबू, त्यात झेंडा तारेने आवळलेला. कडेला खड्डा खणून चांगलं जांभ्या दगडाचे चिरे लावून रोवलंय.

"ही सखूची भैन," भिकाजी म्हणाला. सखू लटक्या रागाने, "माज्यापेक्षा बरी हाय, पगार मागत नाय!"

मी साहेबी आवाजात काढायला सांगणार होतो. तेवढ्यात एक ट्रक आला. वळणाआधी त्याने ब्रेक दाबला, गिअर बदलला, हळूच बाजूने गेला. तो ट्रक मी बघत राहिलो. वीस वर्षांत त्या वळणावर असा ब्रेक दाबलेला मी पाहिला नव्हता.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

मोजणी केली. खोटं का सांगू, नोकरीतलं एक काम आज मनापासून केलं.

आंब्याखाली कठड्यावर बसलो. आधी बुजगावणं काढून धाकूलाच जाकीट घालून उभं केलं. पन्नास गाड्यांपैकी चौदा हळू झाल्या. मग धाकूला काढून बुजगावणं. पन्नासपैकी अडतीस!

धाकूला विचारलं, असं का रे? त्याने विडी विझवली. "मानूस हाय म्हटला की गाडीवाल्याला वाटतं, व्हईल बाजूला. ह्या हलनारच नाय ना."

घरी उमाला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे जिवंत माणसाला कोणी भीत नाही." दिवाळी तोंडावर, आणि ही असं बोलते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

अहवाल दिला. आकडे, तक्ता, वळणाचा नकाशा, सगळं. शेवटी ठळक लिहिलं — बुजगावण्याने एवढा फरक पडतो, यावरून तिथे कायम उभ्या माणसाची गरज सिद्ध होते. सबब जादा मजूर मंजूर व्हावा. ते वाक्य दोनदा वाचून पाहिलं. चोख होतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

उत्तर नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

उत्तर आलं. शब्द न् शब्द उतरवून ठेवतो, पुढे कोणाला खरं वाटणार नाही —

"श्री. ठोसर यांनी राबवलेला अभिनव उपक्रम कौतुकास्पद आहे. तो सर्व गँगवर राबवण्यात यावा. बुजगावण्यांसाठी बांबू स्थानिक पातळीवर उपलब्ध करून घ्यावेत. सदर उपक्रमामुळे जादा मजुराची मागणी निकाली निघत आहे."

निकाली! मी माणूस मागितला, त्यांनी बांबू दिले. तेही स्थानिक पातळीवर. मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली. "ठोसर, वर नाव झालं तुमचं." मी थँक्यू म्हणालो. खरंच म्हणालो. आपली लाज वाटते अशा वेळी, आणि ती घेऊन जायला जागाही नसते.

१ डिसेंबर, रविवार

उमाला स्कूटरवर घेऊन पावसला तिच्या आत्याकडे. वळणावरून उतरलो. मागून उमा म्हणाली, "तुमच्या बाईंनी झेंडा दाखवला, तुम्ही बघितलंसुद्धा नाही!"

खरंच की. ब्रेक लावला नाही. रविवार होता, काम नव्हतं, ती उगाचच उभी. रात्रंदिवस उभी असते. धाकू म्हणतो रोज उपटायची न् रोज रोवायची, चिरे हलवून कंबर जाते. ते खरं, पण —



५ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा मोजलं. पन्नासात तीन. त्यातला एक तर लघवीला थांबला.

बाकीचे बघतही नाहीत. पावसचा एक रिक्षावाला हात हलवून गेला, बुजगावण्याला! आज कठड्यावर बसून असं वाटलं की आपण ज्याला हात लावू त्याची माती होते. झेंडा होता, तो झाडाला टेकवलेला का असेना, त्याला काही अर्थ होता. तो मी पुसला. पन्नास गाड्या मोजून, तक्ता काढून, व्यवस्थित पुसला.

आणि गँगला जाकीट ते एकच, ते हिच्या अंगावर. धाकू-सखू मळक्या कपड्यांत तिच्या पायाशी वाकून काम करतात. त्यांच्याकडे तर कोणाचंच लक्ष जायचं नाही.

९ डिसेंबर, सोमवार

ठरवलं. ऑफिसला विचारायचं नाही. वळणावर जाऊन सांगितलं — हे काढा. आजपासून मोरीचं काम असेल तेव्हा सखू स्वतः उभी राहील, जाकीट घालून, झेंडा घेऊन. धाकू एकटा काम करेल. पंधरा मिनिटांचं तीस मिनिटं झालं तरी चालेल, मी बघून घेईन. परिपत्रकात जसं आहे तस्संच.

धाकू कुरकुरला. सखूने कपाळाला आठी घातली. "मी उबी ऱ्हाऊ? भैनीच्या जागेवर?" मग हळूच, "सायब, मी लाजनार नाय आता. शिकवलाव तशीच उबी ऱ्हाते." मला बरं वाटलं. एवढ्या सगळ्यात एक गोष्ट नीट करतोय असं वाटलं.

काढा म्हणून पुन्हा बजावलं आणि निघालो. थांबून काढायला लावायला हवं होतं का? पण साडेपाचला साहेबांची मीटिंग होती.

११ डिसेंबर, बुधवार, दुपार

पावसच्या नव्या मोरीवर आहे. डबा खाऊन झाडाखाली लिहितोय. इथे फोन नाही, साहेब नाही, सुख आहे.

पण सकाळीच डोकं फिरलं. दहा-सव्वादहाला वळणावरून उतरलो — बुजगावणं तिथेच! सोमवारी दोनदा सांगितलं, तरी तसंच. हात सरळ, झेंडा सरळ, तोंडावर टॉवेल. धाकू खाली मोरीत असावा, फावड्याचा आवाज येत होता. थांबून झाडणारच होतो, पण मागे चिऱ्यांचा टेम्पो हॉर्नवर हॉर्न वाजवत लागलेला. थांबलो असतो तर तो माझ्या पाठीवरच आला असता. म्हटलं, येताना बघतो एकेकाला. वीस वर्षं सांगतोय, आणि यांनी ऐकायचं नाही असंच ठरवलंय. मग मरा!

नाही, असं लिहू नये. खोडतो.

११ डिसेंबर, संध्याकाळ

सखूला टेम्पोने उडवलं. मी पुढे गेल्यावर लगेच.

१२ डिसेंबर, गुरुवार

जिवंत आहे. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. डॉक्टर म्हणाले, कमरेचंही सांगता येत नाही. तिचं पोर मुंबईला बापाला आणायला गेलंय.

वळणावर गेलो. खडी, फुटलेले चिरे, रस्त्यावर पसरलेली वाळू. वाळू कशाला टाकली ते विचारलं नाही. बुजगावण्याचा पत्ता नाही, टेम्पोखाली गेलं असणार. टेम्पोवाल्याने पोलिसांना सांगितलं म्हणे, "मला वाटलं ते नेहमीचं बुजगावणं आहे." म्हणजे बुजगावणं असलं तर खुशाल अंगावर घालायची? समोरून जीप आली, जागा नव्हती, म्हणून घातली कडेला. डोळे फुटले होते का मेल्याचे! बुजगावण्याच्या मागे जिवंत बाई उभी होती!

ती तिथे का होती? बुजगावणं काढलं नाही ते नाहीच, वर त्याच्या आडोशाला उभी. माझं ऐकलं असतं, ते काढून तिच्या जागी जाकीट घालून उभी राहिली असती, तर दिसली नसती का? दिसली असती. शंभर टक्के दिसली असती. दिवसभर हेच घोकतोय.

१४ डिसेंबर, शनिवार

हॉस्पिटलात गेलो. उमाने पेज दिली होती. सखू जागी होती. माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं.  कळा येत असतील. भिकाजी बाहेर बाकावर बसून रडत होता, मोठ्या माणसाने रडू नये तसा. मला म्हणाला, "सायब, तिनं तुमची वाट बगितलानी. सायब येतील, बगतील, बोलली."

काय वाट? मी विचारलं. तो डोळे पुसत उठून आत गेला. धाकूला पोलीस रोज बोलवतायत, तो भेटला नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

चौकशी अधिकारी मीच! कनिष्ठ अभियंता, संबंधित शाखा, म्हणून. मोठे साहेब दार लावून म्हणाले, "काम पंधरा मिनिटांच्या आतलंच होतं ना? मग लिहा, अल्प जोखीम. फलक लागत नव्हते. मजूर प्रशिक्षित होती, अंगठा आहे. सूचना देऊनही पाळली नाही. संपलं." मग जरा थांबून, "आणि बुजगावण्याचा उल्लेख टाळा. वरून कौतुक आलेलं आहे."

मी आवाज चढवला नाही. साहेबांपुढे मला चढवता येत नाही. फक्त म्हटलं, जबाब घेतल्याशिवाय लिहिणार नाही. ते म्हणाले घ्या, घ्या, धाकूचा घ्या, तोही तेच सांगेल.

सूचना पाळली नाही — हे तर मीही म्हणतोच आहे. माझ्याच वहीत लिहिलंय. मग साहेब तेच बोलले तेव्हा तोंड कडू का झालं?

उमा म्हणाली, पाळली नाही म्हणून पाय जावा का माणसाचा? मी म्हटलं, तसं नाही गं. ती म्हणाली, मग कसं?

१९ डिसेंबर, गुरुवार

धाकूचा जबाब घेतला. विचारलं, सोमवारी सांगूनही बुजगावणं का काढलं नाहीत? तो माझ्याकडे बघतच राहिला.

"कंचा बुजगावना, सायब? त्यो तर सोमवारीच उपटला. तुमी गेलात त्याच सांजेला. सखू बोलली, सायब बोललेत तर आजच काडूया. बांबू तिच्या चुलीत गेला."

बुधवारी वळणावर मला झेंडा दाखवत होती ती सखू होती.